बोल्टखालचा निळा रंग

सभेच्या अध्यक्षा नुरिसबाई बुएल्वास, व्यासपीठावर विराजमान झालेले पाद्रे इल्देब्रांदो, बारांकियाहून खास आलेल्या मारेल्विसताई, ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत ते आपल्या वर्कशॉपचे उस्ताद एलादिओ लाम्ब्रान्यो, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे आपापल्या हेल्मेटवर बसलेल्या आपल्या मोटारसायकल-टॅक्सी सहकारी संस्थेच्या सभासद बंधुभगिनींनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. नऊ पुरतील.

मारेल्विसताई मला नीट ओळखत नाहीत, म्हणून सांगते. मी यादिरा काउसिल. मोंतेरियाच्या तंत्रसंस्थेतून वाहनांच्या विजेचं काम शिकले आणि पाच वर्षांपूर्वी, ताई, तुमच्या वडिलांच्या, म्हणजे उस्तादांच्या, हाताखाली लागले. गेल्या शनिवारी संस्थेनं मला त्यांच्या जागी निवडलं, एकतीस विरुद्ध सत्तावीस मतांनी. या आकड्यांकडे मी पुन्हा येणार आहे.

उस्तादांनी मला काय शिकवलं? माझ्या पहिल्या आठवड्यात एका मासेवाल्याची गाडी आली. सेल्फचं बटण दाबलं तर काहीच आवाज नाही. मी बॅटरी मोजली, रिले मोजला, क्लचचा स्विच काढला, साइड स्टँडचा काढला. चाळीस मिनिटं झाली. मासे उन्हात. उस्ताद आले, उजव्या मुठीवरचा इंजिन बंद करायचा लाल स्विच त्यांनी अंगठ्यानं सरकवला, आणि गाडी सुरू झाली. मासेवाला म्हणाला, "पोरी, मासे तू घे आता, मांजरं माझ्या मागे लागतील." उस्ताद हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "मीटर नंतर काढायचा. आधी कान काढायचे."

त्या दिवसापासून मी आधी ऐकते. काहीच आवाज नाही, तर वीज रिलेपर्यंतच पोचत नाही: बटण, स्टँड, क्लच, फ्यूज बघा. टकटकटक असा भराभर आवाज, तर बहुधा बॅटरी थकली आहे. आणि एकच "टक्" होऊन दिवा मंद झाला, तर घाई करू नका, कारण तिथे सगळं गाव "बॅटरी बदल" म्हणून ओरडतं आणि गाव निम्म्या वेळा चुकतं.

हे आज का सांगते आहे? सोळा जुलैला कार्मेनमातेच्या मिरवणुकीत उस्तादांच्या गाडीनं असाच एक "टक्" केला, म्हणून.

तुम्ही सगळे तिथे होता. तरी क्रमानं सांगू द्या, कारण त्या क्रमातली एक पायरी तुम्हाला माहीत नाही.

उस्तादांची गाडी सदतीस वर्षांची. तिला किक नाही, नुसतं बटण. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मारेल्विसताईंनी एक करार केला. याच सभागृहाच्या मागच्या अंगणात, मोतेचं सूप पिता पिता, दहा साक्षीदारांसमोर. ज्या दिवशी बटण दाबून गाडी सुरू होणार नाही, त्या दिवशी गाडी विकायची आणि बारांकियाला लेकीकडे राहायला जायचं. उस्ताद म्हणाले, "मान्य. पण तोवर तुझ्या घरच्या त्या बाल्कनीचं नाव काढायचं नाही." ताई म्हणाल्या, "मान्य. मी वाट बघेन." बरोबर ना, ताई? त्या मान डोलावताहेत.

आता आपली रीत. मिरवणुकीत सगळ्यांत पुढे उस्तादांची गाडी. तिला दर वर्षी नवा निळा रंग द्यायचा. रंग दिल्यापासून पाद्र्यांचं तीर्थ अंगावर पडेपर्यंत ती कुणी सुरू करायची नाही. हातानं ढकलत चर्चसमोर न्यायची. आशीर्वाद झाला की पहिली ती सुरू होणार, मग उरलेल्या. यंदा तो रंग द्यायचा मान पहिल्यांदा मला मिळाला.

तुम्ही रंग कसा देता ते मला ठाऊक आहे. बोल्टवरून, वायरवरून, एकदा तर आपल्या कालिक्स्तोनं गाडीवर बसलेल्या सरड्यावरूनही ब्रश फिरवला होता. मला तसं चालत नाही. मी प्रत्येक बोल्ट काढला. खालची जागा घासली, पुसली, दोन हात रंग दिला, वाळू दिला आणि बोल्ट पुन्हा बसवला. तसूभरसुद्धा जागा सुटली नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर ज्या बोल्टनं फ्रेमला जोडलेली असते, तोही काढला. त्याच्याखालीही दोन हात.

ज्यांना वायरिंग कळतं त्यांचे चेहरे आत्ता मला दिसताहेत. बाकीच्यांसाठी: त्या जागी धातूला धातू भिडायला हवा. रंग वीज जाऊ देत नाही. बोल्टच्या आट्यांतून थोडी जाते. तेवढ्यात दिवा लागतो, रिले टक् करतो. पण सेल्फची मोटर फिरवायला जो जोर लागतो, तो तिथून जात नाही. तुम्ही बोल्टवरूनच ब्रश फिरवता, म्हणून तुमच्या गाड्या सुरू होतात. मी नीट काम केलं, म्हणून ही झाली नाही.

तीर्थ पडलं. उस्तादांनी बटण दाबलं. टक्. पुन्हा टक्. तुमच्यापैकी तिघांनी आपापल्या बॅटऱ्या काढून आणल्या. पाद्रे म्हणाले, "आणखी थोडं तीर्थ शिंपडू का?" तेवढ्यात उस्ताद दुखऱ्या गुडघ्यावर खाली बसले. त्यांनी त्या बोल्टखालची कड नखानं खरवडली. नखाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि उठून मोठ्यानं म्हणाले, "दमली बिचारी. माझ्यासारखीच. कालिक्स्तो, तू हो पुढे."

आणि मारेल्विसताई म्हणाल्या, "पप्पा, करार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मीटर लावला. बटण दाबलेलं असताना बॅटरीवर साडेबारा व्होल्ट. म्हणजे बॅटरी निर्दोष. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंत जवळजवळ काहीच दिसायला नको, तिथे नऊ व्होल्ट. मी उस्तादांकडे गेले.

"निगेटिव्ह वायरच्या बोल्टखाली रंग आहे."

"असू दे."

"तुम्हाला काल चर्चसमोरच कळलं होतं."

"शनिवारी सभा आहे ना तुझ्या निवडीची?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"कालिक्स्तो काय म्हणत फिरतोय, माहीत आहे? मीटरवाली पोरगी, पुस्तकातून गाडी दुरुस्त करते. त्याच्या हातात हा बोल्ट पडला तर गळ्यात बांधून गावभर मिरवेल."

"आणि तुमची गाडी?"

"जुनी झाली. लेक काळजी करते. जातो मी."

"तुम्हाला जायचंय?"

त्यांनी भिंतीवरचा दहा नंबरचा पाना काढला, पुसला आणि परत तिथेच लावला.

मी गप्प राहिले. त्यांनी सांगितलं म्हणून, असं मी स्वतःला दहा दिवस समजावते आहे. ते पुरतं खरं नाही. मला ती जागा हवी होती. शनिवारी मला मतं पडली आणि येत्या सोमवारी सेरेतेहून गिऱ्हाईक येऊन ती गाडी घेऊन जाणार आहे. म्हणून सगळ्यांसमोर सांगते: गाडी बंद पडली नव्हती. उस्तादांचीही चूक नव्हती. चूक माझी होती, आणि ती माहीत असताना मी तुमची मतं घेतली. ज्यांना मतदान पुन्हा घ्यायचं असेल, त्यांनी अध्यक्षांना सांगावं. मी हरकत घेणार नाही.

काय म्हणालात, कालिक्स्तो? मोठ्यानं बोला. मागे ऐकू येत नसेल, म्हणून मीच सांगते. ते म्हणतात, "त्या दिवशी मी माझी चांगली बॅटरी उपटून दिली, ती परत बसवताना वायरी उलट्या लावल्या आणि फ्यूज उडवला. मी कुठल्या तोंडानं पुन्हा मतदान मागू? पण तो बोल्ट मला हवा." बोल्ट मिळेल. नुरिसबाई हातानं खूण करताहेत, पुढे बोल म्हणून. मतांबद्दल अजून कुणाला काही? नाही. आभारी आहे.

आता करार. मारेल्विसताई, करारातला शब्द होता गाडी. माझी चूक नव्हे. आज सकाळी मी ती जागा चकचकीत होईपर्यंत खरवडली, थोडं ग्रीस लावलं, बोल्ट आवळला. आता दिवा लावून मोजलं तरी तिथे एक दशांश व्होल्टसुद्धा दिसत नाही. गाडी या सभागृहाच्या दारात उभी आहे. मी अजून ती सुरू केलेली नाही. तो हक्क माझा नाही.

ताई वडिलांना विचारताहेत, "पप्पा, हे सगळं खरंय?"

उस्ताद म्हणतात, "ती मोजून बोलते."

ताईंनी चावी मागितली आहे. जरा वाट द्या त्यांना. हेल्मेटं उचला. आपण सगळे एक मिनिट शांत राहू या.

...

पहिल्या दाबात. कान काढून ऐकलंत ना?

ताई, दारापासूनच बोला, मी माइकवर सांगते. त्या म्हणतात, "करार कायम. सेरेतेच्या माणसाला गाडी विकायची नाही म्हणून मी फोन करते. पण पप्पा, यापुढे गाडी नाही चालली तर आधी मला कारण सांगायचं, मग दमल्याचं नाटक करायचं." उस्ताद रुमाल शोधताहेत.

उस्ताद, वर्कशॉप तुमच्याकडून मी घेतलं आहे, ते परत देणार नाही. आजपासून तुम्ही निवृत्त आहात. पण सकाळचा तिंतो, आपली काळी कॉफी, सात वाजता होतो, आणि एक खुर्ची मी दारापाशी ठेवणार आहे. तिच्यावर बसून मला चार शब्द सुनवायचे असतील तर जरूर सुनवा. अवजारांना हात लावायचा नाही.

अध्यक्षा, पाद्रे, ताई आणि सभासदांनो, इतकं सरळ बोलू दिलंत याबद्दल मी आपली ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तेवढं पोटात घाला. रंगाची चूक मात्र घालू नका. ती माझ्या नावावर राहू द्या.

माझ्या हातात आणखी एक कागद आहे. बारांकियातल्या नव्या घरासाठी उस्तादांना शुभेच्छा, दीड पान, चांगलं जमलं आहे. तो मी वाचत नाही.