कुंपणाला खेटून

रोपवाटिकेच्या रांगेत माझ्या पुढे दोन शेजारी होते, निवृत्त मास्तर आणि दातांच्या डॉक्टरीणबाई. मास्तरांच्या ढकलगाडीत जमिनीवर पसरणाऱ्या, पिवळ्या फुलांच्या रोपांचा ट्रे होता.

"मास्तर, पुन्हा हीच? गेल्या वर्षीची कुंपणाखालून माझ्या बागेत घुसलीत."

"मग तक्रार करायची होती, डॉक्टर."

"त्यांना पाणी घालण्यातून सवड मिळाली तर करीन ना. आणि काय हो, तुमच्या बागेत मधोमध नुसती माती, रोपं मात्र सगळी कुंपणाला खेटून. असं कोण लावतं?"

"ज्याला पलीकडे यायचंय, पण बेल वाजवायचा धीर होत नाही, तो."

"म्हणून रोपांना पुढे केलंत?"

"ती माझ्यापेक्षा धीट आहेत. डॉक्टर, ते कुंपण काढून टाकू या का? काहीतरी बोला, रांग सरकतेय."

"आणखी एक ट्रे घ्या."

"कशाला?"

"कुंपण काढल्यावर तिथली जमीन काय उघडी ठेवायची?"

मास्तरांनी तत्परतेने माझ्याच गाडीतला ट्रे उचलला. त्यात मिरचीची रोपं होती. मी गाडी वळवली आणि दुसरा ट्रे आणायला निघालो.