हिरवळीखालची ओल

जितेश : वहिनी, आधी इकडे या! सांध्यात बोट घाला. काय लागतंय?

सालोमी : ई! चिखल!

जितेश : चिखल! एप्रिल चालू आहे, पाऊस जाऊन सहा महिने झाले, आणि मी बसवलेल्या प्लास्टिकच्या लॉनखाली चिखल! भुईगावची दमट हवा धरून मी गमसुद्धा मुद्दाम वेगळा मागवला होता. तरी सगळे जोड सुटलेत.

सालोमी : ते नंतर बघ रे बाबा. चार वाजता मर्विन एअरपोर्टवरून घरी येतोय, सोबत त्याचा मित्र, हर्षवर्धन. नायगावला हर्षवर्धनच्या सोसायटीच्या क्लबहाऊसचं लॉन तुला द्यायचं की नाही, ते हे बघूनच ठरवणार ना तो?

जितेश : तेच तर! नोकरी सोडून केलेलं पहिलं काम आहे माझं. हे असं फुगलेलं बघितलं तर गेटातूनच परत जाईल तो. पुन्हा कोण बोलावणार मला? ... थांबा, थांबा. हे काय? आळंबी! वहिनी, प्लास्टिकच्या गवतात आळंबी उगवलीय!

फर्डिनंड : कुठं? बघू, बघू! अरे वा! धरलं की!

जितेश : धरलं म्हणजे? काय धरलं, काका?

फर्डिनंड : काय नाय. असंच आपलं.

सालोमी : पप्पा, इकडे बघा माझ्याकडे.

जितेश : आणि हा वास... अहो, ही पेंड आहे! शेंगदाण्याची पेंड!

फर्डिनंड : जास्त नाय टाकली. चार मुठी.

सालोमी : पप्पा!

जितेश : आणि पाणी?

फर्डिनंड : पाणी रोज. पहाटे पाचला. तुम्ही उठायच्या आत नळी गुंडाळून ठेवतो.

सालोमी : अहो, प्लास्टिक आहे ते!

फर्डिनंड : मला काय येडा समजलीस? ठाऊक हाय. माझं ऑपरेशन झालं, मर्विन म्हणाला, पप्पा, केळीची वाडी आता बास, अंगणात हिरवंगार करून देतो, बसा बघत. बसलो. पण साठ वर्षं केळीला पाणी दिलंय मी, पोरी. पाचला डोळा उघडतोच. मग समोर हिरवं दिसतं, हात आपोआप नळीकडं जातो. पेंड टाकताना मात्र माझं मलाच हसू आलं.

जितेश : काका, पाया पडतो तुमच्या! म्हणजे माझं काम कच्चं नव्हतं! ऐकलंत ना, वहिनी? रोज आंघोळ घातल्यावर कुठला गम टिकेल? आठ दिवस जेवण गोड लागत नव्हतं मला!

सालोमी : नाचतोस काय! एक वाजून गेला. ओल्या वाळूवर चिकटेल का ते?

जितेश : नाही चिकटणार. ही सगळी काढून कोरडी वाळू टाकायला हवी. पण या हवेत कोरडी वाळू आणू कुठून आता?

फर्डिनंड : माझ्याकडं हाय! खोपीत सुरणाचे गड्डे ठेवतो ना, त्याची वाळू. पिंपभर! एकदम खडखडीत!

जितेश : काय सांगता! चला! नाही नाही, पिंपाला हात लावायचा नाही तुम्ही, मी उचलतो. वहिनी, घरातले असतील नसतील तेवढे पंखे बाहेर काढा!

सालोमी : वाळू बदलून झाली ना? हे घे, दोन्ही पंखे. आणि हेअर ड्रायर. अरे, अरे! आळंबीच्या जागचा तो नवीन तुकडा उलटा लावतोयस तू!

जितेश : उलटा? बरोबर तर बसलाय मापात.

सालोमी : माप बरोबर आहे, पण काळपट नाही दिसत? मखमल उलटी शिवली की अशीच दिसते. रोज शिवते मी. पाती बघ कुठल्या बाजूला झुकलीत. फिरव.

जितेश : आयला, खरंच की! गायबच झाला जोड!

(मोबाईल वाजतो.)

सालोमी : मर्विनचा. ... हां, बोल. वसई फाट्याला आलात? ... हो, चालू आहे दुरुस्ती. ... अरे, जितेशवर कशाला भडकतोस? ऐक तरी...

जितेश : गेलं. गेलं माझं क्लबहाऊस.

फर्डिनंड : सालोमी, फोन आण इकडं.

सालोमी : पप्पा, राहू द्या. हवेमुळे झालं म्हणून सांगते मी.

फर्डिनंड : हवा काय आज आली भुईगावात? आण. ... मर्विन? त्या पोराला काय बोलू नको. त्याचं काम चोख हाय. मी नासवलं. रोज पाणी घालत होतो. ... हां, प्लास्टिकलाच. ... पेंड पण. ... हस, हस! ते मागं कोण हसतंय? हर्षवर्धन? त्याला सांग, नायगावला मी नसेन, तिथं टिकेल. ... हां. ... हां. ... बरं, पोरा.

जितेश : काय म्हणाले? काका, सांगा ना!

फर्डिनंड : तो हर्षवर्धन म्हणतो, सोमवारी नायगावला माप घ्यायला ये.

जितेश : काय! वहिनी! वहिनी, ऐकलंत?

सालोमी : ऐकलं रे, ऐकलं! ते गमाचे हात लांब ठेव आधी! ... आणि मर्विन, पप्पा? तो काय म्हणाला?

फर्डिनंड : आधी खूप हसला. मग म्हणाला, कुंपणाकडचं दोन हात गवत काढून टाकायला सांगा जितेशला.

सालोमी : काढून? चांगलं आहे की तिथलं.

फर्डिनंड : खाली माती हाय ना. केळ धरेल तिथं.