रूपाबाईचा हुंदका

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे आधारस्तंभ आदरणीय प्रेमानंद सरोदे साहेब, व्यासपीठावर विराजमान सर्व मान्यवर, जिच्या निरोपासाठी आपण जमलो ती आपल्या श्राव्य विभागाची संध्या पाईकराव, पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या मातोश्री चांगुणाबाई, आणि आखाडा बाळापूरचे, कुरुंद्याचे, वसमतचे, तांड्या-तांड्यांवरून आलेले माझे बंधू-भगिनी, सर्वांना जय भीम, जय सेवालाल.

मी भावसिंग राठोड. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. नोकरीतून मोकळा झालो, पण समोर माणसं बसलेली दिसली की हात आपोआप खडू शोधतो. संयोजकांनी थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. मी प्रयत्न करीन. योगेश, रेकॉर्डिंगचं मशीन चालू आहे ना? हे भाषणसुद्धा आपल्या संग्रहात जाणार आहे, तेव्हा जपून बोलतो.

मंडळी, संध्यानं या वाचनालयात नेमकं काय केलं, हे किती जणांना ठाऊक आहे? आपण म्हणतो, तिनं गाणी जमवली. गाणी तर तिनं जमवलीच. ओव्या, भीमगीतं, आमच्या तांड्यावरची होळीची लेंगी, म्हाताऱ्यांच्या कहाण्या, सगळं तिनं गावोगाव फिरून आवाजात धरलं. पण ते आवाज ठेवणारा, उघडणारा, ऐकवणारा प्रोग्रामसुद्धा तिनंच लिहिला. संगणकवाले अशा प्रोग्रामलाही लायब्ररीच म्हणतात, ऑडिओ लायब्ररी. तो लिहिताना तिच्यापुढं अडचण अशी होती, की आपल्याकडं जुना संगणक होता, नंतर देणगीतून नवा आला, आणि तांड्यांवरच्या शाळांना मिळालेली छोटी यंत्रं तिसरीच. तिन्हींवर प्रोग्राम लिहायची भाषा एकच, पण आवृत्त्या वेगवेगळ्या. एकीला चाललेलं दुसरीला चालेलच, असा भरवसा नाही.

मला हे समजेना. तेव्हा तिनं मला माझ्याच भाषेत समजावलं. म्हणाली, "सर, एक बकरी दोघा भावांत वाटायची हाय. जुन्या आवृत्तीला इचारलं तर ती म्हनते, येकेकाला काहीच न्हाई. तिला तुकडे ठाऊकच न्हाईत, अर्धं आलं की सोडून देते. नवी म्हनते, अर्धी-अर्धी." मी म्हणालो, "मंग नवीच बराबर हाय की!" ती हसली. पण ही बकरी पुढं आमच्या घरावर किती भारी पडणार आहे, हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं अन् मलाही.

आता थोडं घरचं सांगतो. अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

आमच्या समाजात नवरी सासरी निघाली की ढावलो म्हणते. आईच्या, बापाच्या, भावाच्या गळ्यात पडून, रडत रडत, सुरात. ते नुसतं गाणं नाही आणि नुसतं रडणंही नाही. ओळ संपते, हुंदका येतो, नवरी थांबते, पुढची ओळ उचलते. हे शिकावं लागतं. लग्न ठरलं की आई, काकी पोरीला जवळ बसवून शिकवतात.

माझी पत्नी रूपाबाई हिचा ढावलो संध्यानं आमच्या अंगणात रेकॉर्ड केला होता. रूपाबाई आधी तयारच होईना. म्हणाली, "आत्ता कोनाचं लगीन हाय? काहून रडू मी उगंच?" संध्या म्हणाली, "मावशी, रडू नका तुमी, नुस्तं म्हना." त्यावर ती म्हणाली, "रडल्याबिगर ढावलो कसा व्हईल, पोरी?" मग तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि सुरू केलं. मी ओट्यावर बसलो होतो. लग्नाच्या दिवशीचं तिचं रडणं मला जसंच्या तसं आठवलं. मला तिथं बसवेना, मी गोठ्याकडं गेलो.

पुढं रूपाबाई गेली. आजार मोठा होता, आम्ही काही करू शकलो नाही.

गेल्या वर्षी आमच्या दिपाचं लग्न ठरलं. काक्या शिकवायला तयार होत्या. पण पोरगी हट्टालाच पेटली, याडीचाच ढावलो शिकीन म्हणाली. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. मी तिला घेऊन इथं आलो. संध्यानं नव्या संगणकावर रेकॉर्डिंग लावलं, आम्हा दोघांच्या कानाला हेडफोन दिले. आवाज स्वच्छ होता, एकेक शब्द कळत होता. मी मान डोलवत होतो. आणि दिपा एकदम म्हणाली, "बापू, याडी रडून काहून नाही राहिली?"

खरंच, मंडळी, त्यात हुंदका नव्हता. थांबणं नव्हतं. एका ओळीला दुसरी ओळ चिकटलेली. रूपाबाई पाढे म्हणावे तशी घाईघाईनं ढावलो म्हणत होती. दिपानं कानावरचा हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाली, "ही माझी याडी न्हाई."

संध्याचा चेहरा उतरला. तिनं तिथंच बसून शोध घेतला, तेव्हा ती बकरी सापडली. छोट्या यंत्रांत जागा कमी, म्हणून रेकॉर्डिंगमधल्या रिकाम्या जागा कापायची एक ओळ तिनंच लिहिली होती. किती हळू आवाजाला रिकामं म्हणायचं, ते त्या ओळीत ठरत होतं, आणि तिथं नेमका एकाला दोननं भागाकार होता. जुन्या आवृत्तीत उत्तर यायचं शून्य. म्हणजे काहीच कापलं जात नव्हतं, आणि हे कुणाला कधी कळलंही नाही. नव्या आवृत्तीत उत्तर आलं अर्धं, अगदी बरोबर आलं, आणि बरोबर आलं म्हणूनच कात्री चालली. हळू ते सगळं गेलं. आमच्या बायांचं रडणं हळूच असतं.

जुन्यावरून नव्या संगणकावर आणलेली सगळी रेकॉर्डिंगं अशीच कापून ठेवली गेली होती. अख्खा आवाज उरला होता फक्त जुन्या संगणकात. आणि तो जुना संगणक? अध्यक्ष महोदय, हसू नका, ठराव आपल्याच सहीचा होता! जुन्यातलं सगळं पुसून तो शाळेला द्यायचा, असं आपण एकमतानं ठरवलं होतं. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. आणि त्या कामाचा माणूस वसमतहून येऊन शेजारच्या खोलीत बसलाही होता.

संध्या उठली, त्या खोलीत गेली, आणि भिंतीतली वायर उपसून हातात घेऊन उभी राहिली. तो बिचारा म्हणाला, "ताई, जुनी आवृत्ती कोन वापरून राहिलं आता? दोन-दोन ठेवल्या तर तुमालाच तकलीफ व्हईल." संध्या म्हणाली, "होऊ द्या तकलीफ. आतमधी लोकायच्या आया हायेत."

अध्यक्षांना फोन झाला. साहेब स्वतः आले, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठराव मी बघतो. पोरीला कोनी हात लावू नका." साहेब, त्याबद्दल आज सर्वांसमोर तुमचे आभार मानतो.

पुढं संध्यानं काय करावं? सोपा रस्ता होता, नवं फेकून जुन्यावरच बसायचं. पण मग तांड्यावरच्या शाळेतल्या लेकरांनी काय ऐकावं? तिनं एकाच संगणकात दोन चुली मांडल्या. जुनी आवृत्ती तिच्या जागी, नवी तिच्या जागी, एकीनं दुसरीच्या भांड्याला हात लावायचा नाही. अख्खा प्रोग्राम परत लिहिला, तिन्ही यंत्रांवर चालेल असा. आणि नियम घातला, की प्रत्येक आवाज सगळ्या आवृत्त्यांतून वाजवून बघायचा, जरा जरी फरक पडला तर प्रोग्रामनं थांबायचं आणि माणसाला विचारायचं. आपल्या मनानं काहीही कापायचं नाही. महिनेच्या महिने ती कानाला लावून बसलेली असायची.

मी एकदा म्हणालो, "संध्या, चूक आवृत्तीची, तू काहून जिवाला लावून घेऊन राहिली?" ती म्हणाली, "न्हाई सर. भागाकार तिनं बराबरच केला. मावशीनं मला अंगणातच सांगितलं होतं, रडल्याबिगर ढावलो होत न्हाई. मीच ते रिकामं समजले."

दिपा इथं येऊन आईजवळ बसावं तशी त्या यंत्राजवळ बसायची. लग्नात निघताना ती माझ्या गळ्यात पडली आणि ढावलो सुरू केला. ओळ संपली, हुंदका आला, ती थांबली. तो हुंदका रूपाबाईचा होता, मंडळी. तसाच, आत ओढून घेतलेला. मांडवातल्या बायांनी तोंडाला पदर लावले. मी एरवी कडक मास्तर म्हणून ओळखला जातो. त्या दिवशी मी पोरीला धरून लेकरासारखा रडलो.

संध्या, तू आता पुण्याला मोठ्या कामावर चाललीस. आमचा आशीर्वाद आहे. चांगुणाबाई, तुमची लेक कुरुंद्याची, पण आमच्या तांड्यावरची एक आई तिनं परत आणून दिली. हे उपकार फेडायचे म्हटलं तरी फिटणार नाहीत. आणि संध्या, तुझ्या मागं इथं दोन्ही चुली पेटत्या राहतील, हा शब्द मी समितीच्या वतीनं देतो. अध्यक्षांनी मान हलवली, सर्वांनी पाहिलं.

आमच्यात जाणारी रडते आणि राहणारे ऐकतात. आज उलटं होऊन राहिलं आहे...

माफ करा.

मला बोलायची संधी दिली, वेळेची मर्यादा मोडली तरी कुणी चिठ्ठी पाठवली नाही, याबद्दल संयोजकांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर या म्हाताऱ्या मास्तराला मोठ्या मनानं क्षमा करा. आणि योगेश, बाबा, जे चुकलं ते तुला हवं तर काढून टाक. पण आता मी मधे थांबलो होतो ना, ते कापू नको.