ओल्या समुद्रावर व्हार्निश

मी इब्राहिम, रत्नागिरीकडचा. अब्बा होड्या रंगवायचे, मीही तेच शिकलो, आणि होडी रंगवली की वर व्हार्निशचे दोन हात द्यायचेच, खाऱ्या हवेत लाकूड टिकतं, हे मला अक्षरं यायच्या आधी येत होतं. इथे सौदीत, रास तनुराला चोवीस वर्षं झाली, काम तेच, होडीच्या जागी तेलाच्या टाक्या.

मॅडम ऑस्ट्रेलियाच्या, चित्रकार, नवरा इंजिनियर. त्यांचं कुंपण रंगवायला गेलो तेव्हा ओळख झाली. सांगायच्या, इब्राहिम, मी मेंढ्यांच्या गावातली, पहिलं चित्र बापाच्या शेडच्या पत्र्यावर काढलं, तीस वर्षं तेच करते आहे, पण इथे आल्यापासून अकरा वर्षांत एक प्रदर्शन नाही. मग रियाधच्या एका गॅलरीने चार चित्रं मागितली. चौथं इथल्या समुद्राचं, तैलरंगातलं, ते संपलं आणि आई आजारी म्हणून त्यांना मायदेशी जावं लागलं. चित्र माझ्याकडे ठेवलं, म्हणाल्या, जप, आल्यावर पाठवू.

आता काय सांगू तुम्हाला, आठव्या दिवशी पाहिलं तर जागोजागी चमक गेलेली. मला वाटलं, खारी हवा लागली. होडीचं व्हार्निश घेतलं, दोन हात दिले, मध्ये सोळा तास ठेवून, एक ओघळ नाही. तैलरंग आतून वाळायला महिने लागतात हे मला कुठे माहीत. वरचा थर कडक झाला आणि खालचा समुद्र सुरकुतला.

मॅडम आल्या, सुरकुत्यांवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, इब्राहिम, हे पाण्यात सोडायचं नव्हतं. मी म्हटलं, काढता येईल का. म्हणाल्या, खलास. नवं काढायला दिवस नव्हते.

प्रदर्शनाला मी सुट्टी घेऊन रियाधला गेलो. भिंतीवर तीन चित्रं, मी पावलांनी मोजलं, दर दोन चित्रांमध्ये पाच पावलं. चौथ्याची जागा तिन्हींत वाटून टाकली होती, बघणाऱ्याला कळू नये अशी. मॅडमनी मला बोलावलं आणि लोकांना सांगितलं, याचा हात माझ्यापेक्षा सरळ आहे.

गेल्या वर्षी त्या कायमच्या परत गेल्या, तिकडे चित्रं काढतात. समुद्र मला देऊन गेल्या, म्हणाल्या, वाळला की कळव. माझ्या पलंगाच्या वर भिंतीला टांगलाय. दर शुक्रवारी कोपऱ्यात अंगठा दाबून बघतो, आत अजून मऊ लागतं. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आणखी आठ महिने आहे. अल्लाह त्यांच्या हाताला बरकत देवो, मी अजून काही कळवलेलं नाही.