ब्रेक समजून टाच

एक्स-रेच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. दोघींची साठी उलटलेली, दोघींच्या केसांत गवत.

"इतक्या वर्षांनी घोड्यावर बसलीस, वहिनी, तर जरा दमानं घ्यायचं."

"दमानंच घेत होते, वन्सं. थांबवायला म्हणून पाय दाबला."

"पाय कशाला?"

"उभा जन्म बस चालवण्यात गेला माझा. थांबायचं म्हटलं की पाय ब्रेक शोधतो. टाच बसली त्याच्या पोटाला आणि तो सुटला."

"मग लगाम ओढायचा."

"मी आणखी जोरात ब्रेक दाबला."

"आणि गेलीस की कुंपणावरून उडून."

"लहानपणी बाबा उडी मारू द्यायचे नाहीत. आज घोड्यानं कुणाला विचारलंच नाही."

"मी मदतीला हाक मारणार होते."

"म्हणून शिट्टी मारलीत?"

"ती आपोआप निघाली."

"आणि दोन्ही हात सोडून टाळ्या? समोरच्या कुंपणावर चढायला कुणी सांगितलं होतं?"

"तिथून नीट दिसत होतं."

"फार दुखतोय का हात, वन्सं?"

"हसले की दुखतोय. गप्प बस."

"घरी कुंपणाचंच सांगू या, वन्सं. घोड्याचं नाव नको, नाहीतर तुमचे दादा माझं जाणं बंद करतील."

"दादाला मी बघते. घोड्यावरून पडले, असंच सांगायचं."

"अहो, तुम्ही घोड्यावर बसलातच कुठे?"

"रविवारी बसणार आहे. पण या वयात कुंपणावरून पडले म्हणून कुणाला तोंड दाखवू?"