बाराव्या अल्बमचा नवस

हलू नका, हलू नका जावईबापू, वस्तरा हाय गळ्यावर! काय म्हणालात? पुन्हा म्हणा — नाई, तोंड नका उघडू, फेस जाईन आत — मीच म्हणतो, तुमी नुसती मान हलवा. मानही नका हलवू! डोळे मिचकवा. "बारावा अल्बम चांगला हाय" असं म्हणालात तुमी? ग्रिम फर्नेसचा बारावा? मांगच्या शुक्रवारी आला तो? … मिचकवले. बाप्पा! थांबा, वस्तरा बाजूले ठेवतो पहिले. रविवारी माह्या पोरीचं साक्षगंध, अंगठ्या घालाच्या, आज बुधवार, अन् नवरदेव माह्या खुर्चीत बसून म्हणते बारावा चांगला हाय! अल्लीपूरवरून कुर्ता घ्याले आलते तुमी, रस्त्यात सासऱ्याचं दुकान लागलं, म्हटलं बसा, आपल्या हातानं दाढी करून देतो, जावयाचा मान हाय. आता अर्धी झाली दाढी, अर्धी राह्यली. उठून पळाचं म्हटलं तरी असं कुठं जान तुमी? बसा. ऐकाच आता.

हे पाहा. आरशात पाहा माह्याकडं, लाजू नका, सारं गाव पाह्यते. सिंदी मेघेत तीन पिढ्यांचं आमचं सलून — आमच्या अण्णाजीनं, म्हणजे माह्या बापानं, साऱ्या गावाचे केस कापले — अन् माह्या डोक्यावर कमरेलोक वेणी! नवीन गिऱ्हाईक आलं की दारातूनच माघारी फिरते, त्याले वाटते लेडीज पार्लर हाय. तुमच्या घरच्यायनं पाह्यलं तवा काय म्हटलं असन, मले माहीत नाई का? "पोरगी चांगली हाय, पण बाप कोन्त्या पंथातला हाय?" — असंच म्हटलं ना? हसू नका, फेस वाळून राह्यला. पंथबिंथ काही नाई. नवस हाय हा. नवसाचे केस हायेत हे.

आता नवस कायचा? सांगतो. मी पोट्टा होतो तवा सेवाग्रामले एक गोरा आलता, सूत काताले. लय शांत माणूस. मनाले शांती पायजे म्हणे, सारं सोडाचं म्हणे. अण्णाजीजवळ टक्कल कराले आला, अन् झोळीतून एक कॅसेट काढून मले देल्ली — याच्यानं माही शांती गेली, तू ठेव. म्या रात्री टेपवर लावली — अन् मायबाप! माही शांती जे गेली ते आजलोक आली नाई. तेच ग्रिम फर्नेस. विलायतेतले पाच जन, मेटल वाजवते. इथं कोणाले नाव घेता येत नाई म्हणून सारे भट्टीवाले म्हणते. तो गाणारा, रॉडनीभाऊ — मी भाऊच म्हणतो, मोठा हाय ना माह्यापेक्षा — त्यानं एकदा चिरकलं का समोरच्या पानठेल्याखालचं कुत्रं उठून नालवाडीकडं चालू लागे. रोज! अल्बम संपला का परत ये. पहिले चार अल्बम असे होते जावईबापू. अण्णाजी म्हणे हे गाणं नाई, हे डुक्कर धरून राह्यले. अन् झोपेत माहे वाढवलेले केस दोनदा कापले त्यायनं. बाप न्हावी असला का काय होते, तुमाले नाई समजाचं.

मंग आला पाचवा. पाचव्यात काय केलं मालूम हाय? पेटी घातली! कीबोर्ड म्हणते तिकडं, पण म्या ऐकलं तर आपली भजनाची पेटीच. भट्टीत पेटी! म्या दुकान बंद केलं, स्कूटर काढली, सरळ केळझरच्या गणपतीले गेलो. लोक तिथं लेकरासाठी नवस करते, कोणी नोकरीसाठी. माह्या बाजूले एक बाई होती, जिजाबाई नाव होतं तिचं, सूनेले लेकरू होत नाई म्हणून आलती, नातवाचं जावळ वाहीन म्हणे. मले इचारलं, तुमी कायले आले भाऊ? म्या सांगतलं, विलायतेतल्या म्हाताऱ्यांसाठी. जोवर भट्टीवाले पहिल्यासारखा चांगला अल्बम काढत नाई तोवर कैची लावणार नाई, अन् काढला का केस इथंच आणून वाहीन. बाई बिचारी हात जोडून म्हणे, होईन भाऊ, तुमचं बी होईन. अन् तिचं झालं बरं! तिचा नातू आता मिशा कोराले माह्याकडंच येते. माहं काऊन नाई झालं? गणपतीले मेटल समजत नसन, अजून काय.

सहावा — सोडा. सातवा सारा हळू. आमच्या वर्षालीनं कॉलेजात इंग्रजी घेतलतं तर तिनं अर्थ सांगतला, बाबा, हे सारं त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर हाय. अख्खा अल्बम गुडघ्यावर! अन् मी गिऱ्हाईकाले सांगत होतो का हे नरकाचं वर्णन हाय म्हणून. आठव्यात पन्नास वायोलिनवाले आनले, वरातीत दोन-दोन बँड बोलावते तसे. कोण कोणाले वाजवून राह्यलं ते समजत नाई. दोघं गिटारवाले सख्खे भाऊ, ते भांडले अन् एक निघून गेला, त्याच्या जागी त्यायचा भाचा घेतला. भाच्याले येते का काही? येते, बरं येते, खोटं कायले बोलू, पण भाचा तो भाचाच. अन् नवव्यात शाळेतले लेकरं! शाळेतले लेकरं मांगं उभे राहून आ-आ करते, पंधरा ऑगस्टच्या प्रार्थनेवानी. त्या दिवशी त्या कुत्र्याचं नातवंड ठेल्याखालून उठलं नाई. शेपटी हलवली त्यानं. मी दुकानात डोक्याले हात लावून बसलो. अन् आता सांगू का कमाल? त्या पाचही जनायनं केस कापले! रॉडनीभाऊ तर पुरा टकला, चष्मा लावते, फोटोत स्वेटर घालून बसते. अन् इथं सिंदी मेघेत मी त्यायच्यासाठी वेणी घालून फिरतो! त्यायचे केस मी सांभाळून राह्यलो असं झालं हे.

तर वर्षालीची आई म्हणते, साक्षगंधाले तरी कापा, वऱ्हाडी मंडळी काय म्हणन, फोटोत पोरीची माय कोन्ती अन् बाप कोन्ता ओळखू येणार नाई. तिचं खोटं नाई. पण नवस तोडाचा कसा? चांगला अल्बम आल्याशिवाय कापता येत नाई, अन् चांगला अल्बम येत नाई. काय म्हणता? बारावा? पुन्हा बारावाच! अहो, बाराव्यात हाय काय? सांगतो काय हाय. चिरकणं गेलं त्याचं. आता आवाज चढतच नाई त्या माणसाचा, मंग बोलल्यावानी गाते. ढोल तर असे, कोणी शेजारच्या खोलीत पापड लाटून राह्यलं जसं. म्या शुक्रवारपासून किती खेपा ऐकला — चुका काढाले! चुका काढाले ऐकला! सकाळी झाडू मारताना ऐकला, गिऱ्हाईक नसलं का ऐकला, काल जेवताना ऐकला तर वर्षालीच्या आईनं मोबाईलच फ्रिजवर ठेवला. आवडला म्हणून नाई बरं. चुकाच तेवढ्या होत्या.

गाल फुगवा. हां, आता हा दुसरा गाल घेतो, घाबरू नका, वस्तरा जपूनच धरतो. मले सांगा — नाई, फुगवलेलाच ठेवा — तुमाले खरंच भट्टीवाले आवडते? अल्लीपूरले कोण ऐकते भट्टीवाले? तुमच्या मोबाईलची रिंग तर आरतीची वाजली मंगाशी. अन् मुलगी पाह्याले आलते तवा म्या इचारलं होतं, गाणे ऐकता का, तर तुमी म्हणालात, बातम्या ऐकतो. आता एकाएकी बारावा? मले बनवून राह्यले का बापा? बरं, फेस पुसतो. हे घ्या टॉवेल. आता तोंड मोकळं हाय. सांगा, बाराव्यातलं कोन्तं गाणं आवडलं? नाव सांगा.

… कोन्तं?

पुन्हा म्हणा.

"अंगणात बसलेल्या म्हाताऱ्याचं"?

हे नाव … हे नाव त्या गाण्याचं नाई हाय जावईबापू. त्याचं इंग्रजी नाव अलगच हाय. हे नाव वर्षालीनं ठेवलं. मांगच्या शनिवारी. शेवटचं गाणं सुरू होतं, अन् पोट्टी म्हणे, बाबा, हे कसं हो, अंगणात बसलेला म्हातारा रस्त्यानं जाणाऱ्याले हाक मारते असं वाटते ना? तेवढंच बोलली. खोलीत मी अन् ते दोघंच होतो. मंग तुमाले कसं … हां. हां! तिनंच पाठवलं तुमाले! बाबाले म्हणा बारावा चांगला हाय, म्हणजे नवस फिटते, म्हणजे बाबा केस कापते. असंच ना? खाली काय पाह्यता, फरशीवर दुसऱ्याचे केस हायेत, त्यात काय हाय? कुर्त्याचं तर नुसतं निमित्त! वा रे पोट्टी! अन् तुमी बी वा! लग्नाच्या पहिलेच बायकोचं ऐकाले लागले! बरं हाय. चांगलंच हाय. असंच ऐकत जाजा.

शनिवारी कायले म्हणता? शनिवारी तेल असते ना. तिच्या लहानपणापासून. चौथीत असन, शाळेतून उवा घेऊन आली, तर म्याच तिचा बॉयकट केला ह्याच खुर्चीत. रड रड रडली. म्हणे, साऱ्या पोरींले वेणी हाय, मलेच नाई. तवा माहा नवस नुकताच लागलता, केस खांद्यालोक आलते. म्या म्हटलं, रडू नको, घे, माही घाल. बसली माह्यामांगं स्टुलावर, अन् अशी वाकडी वेणी घातली का दोन दिवस मान तिरपी ठेवून फिरलो मी. तवापासून दर शनिवारी. तेलाची वाटी घेऊन येते, मी भट्टीवाले लावतो, ते इंचरत राह्यते अन् साऱ्या आठवड्याचं सांगत राह्यते. कॉलेजचं, मैत्रिणींचं. तुमचं स्थळ आलं तवा हो म्हणाचं का नाई, तेबी तिथंच इचारलं तिनं. तोंडासमोर नाई इचारलं बरं. मांगून इचारलं, वेणी घालता घालता. बाप तोंड पाहू शकत नाई ना, तवा पोरी इचारते. अन् मी म्हटलं, पोरगा बरा दिसते. नववा अल्बम लागला होता तवा. लेकरं आ-आ करून राह्यले होते.

काय? … नाई, नाई. असं कसं म्हणता? अल्बमाचा अन् वेणीचा काही संबंध नाई. मी कायले मुद्दाम म्हणन वाईट? दहावा वाईटच होता. अकरावा — अकरावा इतका वाईट नव्हता म्हणा. अकराव्यातले दोन गाणे … तीन गाणे … पण तवा ते नागपूरले होस्टेलवर जाणार होती, शनिवारीच फक्त घरी येणार होती, मंग मी … तुमी लय इचारता बापा! बँकेत हायेत का पोलिसात? मान वर करा. फिटकरी लावतो. झोंबन जरा. मलेबी डोळ्यात गेली वाटते. हो, फिटकरीच. उडते कधी कधी.

बरं, ऐका. ऐकता ना? कोणाले सांगू नका, वर्षालीच्या आईले तर मुळीच नाई. बारावा चांगला हाय. लय चांगला हाय. आवाज गेला रॉडनीभाऊचा, पण गेल्यावरच समजलं, त्याले गाता येत होतं. तो म्हातारा हाक मारते ना शेवटच्या गाण्यात — ते पहिल्या वेळी वाजलं तवाच मले समजलं का नवस फिटला. शुक्रवारीच समजलं. कापीन मी. माह्या गणपतीले मी फसवणार नाई. रविवारी तुमच्या मंडळीसमोर टोपी घालून, सभ्य माणूस होऊन बसीन. पण शनिवार मधात हाय. तिले आज काही सांगू नका. सांगजा, बाबा मानत नाई, लय हट्टी हायेत, मलेच शिव्या देल्ल्या. शनिवारी ते तेलाची वाटी घेऊन येऊ दे, वेणी पुरी घालू दे, खाली रबर लावू दे. मंग मी कैची मांगं देईन तिच्या हातात. अख्खी वेणीच नेऊ केळझरले, सोडाची नाई.

तेराव्याचं काय? तेराव्यासाठी मी कायले नवस करू जावईबापू? तेरावा येईन तवा मांगं स्टुलावर बसणारं घरात कोण हाय?

उठा. झाली दाढी. टॉवेल तिथंच राहू द्या. उठा म्हटलं ना, मांगं गिऱ्हाईक ताटकळून राह्यलं — या भाऊ, बसा. कटिंग का दाढी?