फुगडीपुरती हाडं

पणजीला एका दवाखान्यात, एक्स-रेच्या खोलीबाहेर, मी माझा प्लास्टरमधला हात घेऊन बसलो होतो. शेजारी पेडण्याच्या दोन जावा होत्या.

“कमलाक्षी वयनी, घाबरू नको. हाडं किती घट्ट आहेत, तेवढंच बघतात.”

“घाबरतंय कोण? पंधरा दिवस नाचणीची आंबील पितेय. अभ्यास झालाय माझा.”

“बेचाळिसाव्या वर्षी ही तपासणी कशाला, असं सासूबाई विचारत होत्या.”

“ऑपरेशनात दोन्ही अंडाशयं काढली, पाळी गेली, की हाडं लवकर म्हातारी होतात. त्यांना सांग, आता आम्ही दोघी एका वयाच्या.”

“आणि डॉक्टरीण फुगडी नको म्हणाली तर? गणपतीची चवथ महिन्यावर आलीय.”

“बावीस वर्षं घरच्या गणपतीपुढे पहिली फुगडी माझी असते, गौरवी. ती मी सोडणार नाही.”

नाव पुकारलं. कमलाक्षी आत गेली, आणि तासाभराने डॉक्टरांना भेटून कागद घेऊन आली.

“काय गो म्हणाली?”

“कंबरेचं हाड थोडं पातळ झालंय. गोळ्या घ्यायच्या, रोज चालायचं. फुगडी चालेल, पण पडायचं नाही.”

“मग नेहमीसारखी मी आहेच तुझ्याबरोबर.”

“तू नको. गेल्या चवथीला फोन वाजला म्हणून तू फिरता फिरता माझे हात सोडलेस.”

“मग कोण?”

“आई.”

“सासूबाई? अडुसष्ट वर्षांच्या?”

“त्यांच्या हातातून आजवर काही सुटलंय? कपाटाची चावी अजून त्यांच्याकडेच आहे.”